परभणीचं ऊन आणि गेमिंग पीसी: अर्ध्या तासात एफपीएस पडतात, लाईट गेली की यूपीएस असूनही बंद

गंगाखेड_रोड (परभणी)

नमस्कार मंडळी. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, सोबत आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), ६०० व्हीएचा यूपीएस. कॅबिनेटला समोर काच, काचेमागं दोन पंखे, मागच्या बाजूला एक. खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. दुपारी आत ४०-४१ अंश. डेझर्ट कूलर आहे, एसी नाही.

सायबरपंक गेम सुरुवातीला ७० एफपीएसवर (सेकंदाला ७० फ्रेम) मस्त चालतो. अर्ध्या तासात ४५ वर येतो आणि मधूनमधून एक सेकंद पूर्ण अडकायलाय. लाईट गेली की यूपीएस वाजतो आणि पीसी त्याच क्षणी बंद. डेस्कटॉपवर असताना मात्र तोच यूपीएस टिकतो. तिसरं म्हणजे, कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लागलं की मुंग्या येतात. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर आणि स्टॅबिलायझर घ्या. पैसे घालायचे तर नेमके कशात?

कपाशी_६४ (जालना)

लिक्विड कूलर यादीतून काढा. कूलर हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पंख्यांचा वेग तोच असेल तर २८ अंशांच्या खोलीत जे आकडे दिसतात, त्यात ४१ ला साधारण १३ मिळवायचे. आणि तुमच्या पीसीतली भट्टी प्रोसेसर नाहीच. ५६०० ची मर्यादा ७६ वॅट आहे, गेममध्ये तो बहुतेक वेळा त्याच्याही खालीच असतो. ३०६० मात्र १७० वॅट ओढतं. पत्र्याच्या खोलीत उष्णता बाहेर काढत बसण्यापेक्षा ती तयारच कमी होऊ देणं सोपं, आणि त्याला रुपयाही लागत नाही.

एमएसआय आफ्टरबर्नर (ग्राफिक्स कार्डाचे वॅट आणि वेग बदलायचं सॉफ्टवेअर) टाका आणि पॉवर लिमिट १०० वरून ८० वर आणा. कार्ड १३६ वॅटवर येईल, एफपीएस पाचेक टक्के जातील. त्याहून चांगलं हवं असेल तर कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा. ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर ठेवायचा आणि त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच उंचीवर सपाट करून लागू करायचे. गेम क्रॅश झाला तर व्होल्टेज २५ ने वाढवा. ही चाचणी दुपारी तीनला घ्या. सकाळी गार खोलीत पक्की वाटणारी सेटिंग तापलेल्या कार्डावर हमखास कोसळते.

प्रोसेसरसाठी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे प्रोसेसरच्या वेग-वॅटची सेटिंग, त्यात व्होल्टेज कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर, सगळ्या कोअरला निगेटिव्ह १५. इथं एक फसवी गोष्ट आहे: हा आकडा जास्त झाला तर गेममध्ये काहीच जाणवत नाही, नुसता डेस्कटॉप उघडा असताना पीसी रीस्टार्ट होतो, कारण कमी लोडवर एखादी कोअर कमी व्होल्टेजमध्ये सर्वात वर पळायला बघते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअर चुकल्याची) नोंद दिसली तर १० वर या.

एफपीएसला ६० ची मर्यादा घाला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट. व्हॅलोरंट खेळत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये मेनूसाठी वेगळी मर्यादा देता येते, तीही लावा. नाहीतर लॉबीत नुसतं बसूनही कार्ड तापतं.

आता काच. काचेमागचे पंखे फटीतून हवा ओढतात, म्हणजे जवळपास उपाशीच असतात. काच काढून नायलॉनची जाळी लावा. आपल्याकडं ती लागतेच. सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि जिनिंगच्या आसपास उडणारे कापसाचे तंतू पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर धरतात. वरून ब्लोअर मारून तो निघत नाही, पंखा सोडवून थर बोटानं उचलावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं पेन घालून अडवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं.

थर्मल पेस्ट बदलणार असाल तर आधी दहा मिनिटं गेम चालवून पीसी गरम करा, मग बंद करून केबल काढा. चारही स्क्रू तिरपे तिरपे थोडे थोडे सैल करा. कूलर सरळ वर ओढू नका, डावीकडं-उजवीकडं पिळत सोडवा. एएम४ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेट प्रकारात, पिना प्रोसेसरला असतात. वाळलेली पेस्ट इतकी धरते की लॉक लावलेल्या सॉकेटमधूनही प्रोसेसर कूलरबरोबर वर येतो आणि पिना वाकतात.

डेझर्ट कूलरचा झोत पीसीवर थेट नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की बोर्डावर पांढरे डाग राहतात आणि ओल्या धुळीचा चिखल होतो. झोत माणसावर, समोरची खिडकी उघडी, पीसी बाजूला.

साईनगर_नांदेड

बाकी पटलं, पण स्टॅबिलायझर घ्याच. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं. टीव्ही-फ्रिजला लावतो तर पीसीला का नको?

वायंडिंग (लातूर)

नांदेडकर दादा, फ्रिजला लावा, पीसीला नको. एसएमपीएसच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. असेल तर १७० वर तो आरामात चालतो, फक्त करंट तिसऱ्या हिश्शानं जास्त ओढतो. म्हणून पीसी लावलेल्या स्विचबोर्डातलं सॉकेट सैल नसावं, प्लग गरम लागत असेल तर सॉकेट बदला. रिलेचा स्टॅबिलायझर दर टप्प्याला टक् करून क्षणभर पुरवठा तोडतो. यूपीएसमध्ये व्होल्टेज सांभाळणारं सर्किट आधीच असतं, त्याच्या पुढं अजून एक लावलं की दोघं एकमेकांशी भांडत बसतात.

परभणीकर, तुमच्या यूपीएसचं बघू. ६०० हे व्हीए आहे, वॅट साधारण ३६०. डेस्कटॉपवर पीसी ७०-८० वॅट घेतो, गेममध्ये मॉनिटर धरून सव्वातीनशेच्या घरात जातो. आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असेल, तर तिच्यातून ३० अँपिअरच्या वर खेचलं जातं. थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या ओढीला लगेच बसतं आणि यूपीएस हात वर करतो. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना जवळपास निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत ती दोन उन्हाळे काढेल अशी अपेक्षा धरू नका.

आधी वरची पॉवर लिमिट आणि ६० ची मर्यादा लावा, लोड बराच खाली येईल. मग बॅटरी बदला आणि रात्रभर चार्ज करा. गेम सेव्ह करून, तो चालू असतानाच यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करून बघा. प्लग उपटू नका, अर्थिंग तुटतं. नवीन बॅटरीवरही त्याच क्षणी बंद झाला तर दोष लाटेचा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसीचे (भिंतीतून येणारा करंट लाटेप्रमाणे सारखा ओढणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस लोडवर ती मानत नाहीत. मग उपाय दोनच: शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस, किंवा घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर. इको मोडमध्ये तो बदलायला जास्त वेळ घेतो, आणि एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये सोळा-सतरा मिलिसेकंदांपुरताच दम असतो. ९०० व्हीए आणि १५० एएच ट्यूब्युलर बॅटरीवर असा पीसी आणि एक पंखा दोन तास धरा. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला बघा.

मुंग्यांचं सर्वात आधी करा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास येतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या, पण अशा वेळी एचडीएमआय काढ-घाल केली तर कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा: फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळपास सारखं यायला हवं, न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी आलं तर स्विचबोर्डातली हिरवी वायर कुठंतरी सुटलीय, नाहीतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि रॉडपासून सुटते, म्हणून पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात जातं. खड्ड्यात पाणी सोडत राहा, कोळसा-मीठ नव्यानं भरून घ्या. आणि कुणी वायरमन अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्येच जोडून देतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा. पुढं कधी न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट २३० व्होल्टवर जिवंत होतं.

गंगाखेड_रोड (परभणी)

अर्थिंगची वायर स्विचबोर्डात लावलेलीच नव्हती, वायरमननं जोडली, मुंग्या गेल्या. पॉवर लिमिट ८०, ६० ची मर्यादा, काच काढली. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्राफिक्स कार्ड ७४ अंश, प्रोसेसर ८१. एफपीएस ६० वर ठाम. पण तो एक सेकंद अडकायचा प्रकार चालूच आहे. व्हीआरएम एमओएस १०९ दाखवायलंय, आणि अडकतं तेव्हा प्रोसेसर ०.५५ गिगाहर्ट्झवर येतो. हे काय?

कपाशी_६४ (जालना)

मग अडकण्याचं मूळ तेच. तुमच्या बी४५० ला व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक नसणार. तो भाग मर्यादेला टेकला की बोर्ड प्रोसेसरला ब्रेक लावतो, थोडा थंड झाला की सोडतो. लिक्विड कूलर घेतला असता तर हे वाढलं असतं: सोबतचा कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, तीच व्हीआरएमला मिळते, आणि लिक्विडमध्ये ती बंद होते.

बायोसमध्ये पीबीओ मॅन्युअल करून पीपीटी (प्रोसेसरची वॅटची मर्यादा) ६१ वॅट लिहा, गेममध्ये फरक जाणवणार नाही. एक ८० किंवा ९२ मिलिमीटरचा पंखा कॅबिनेटच्या छताच्या जाळीला झिप टायनं बांधा, तोंड खाली, प्रोसेसरच्या सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या चौकोनी चिप्सवर. तो सीपीयू फॅनवर नको, सिस्टम फॅनच्या पिनेवर लावा. बायोसच्या फॅन सेटिंगमध्ये त्याचा तापमान स्रोत सीपीयूऐवजी व्हीआरएम निवडा, तो पर्याय नसेल तर वेग सरळ ७० टक्क्यांवर कायम ठेवा. आकडा ९५ च्या खाली आला की झटके थांबतील. थांबले नाहीत तर तोच एचडब्ल्यूइन्फोचा लॉग इथं टाका, अर्ध्या तासाचा, दुपारचा.

वायंडिंग (लातूर)

वळीव सुरू व्हायच्या आत एक करून ठेवा. ढग गडगडायला लागले की यूपीएसचं बटण नाही, प्लगच काढायचा, आणि राउटरच्या अडॅप्टरचाही. फायबरमधून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येऊन लॅन केबलनं मदरबोर्डात शिरते. वीज जवळ पडली तर स्पाइक गार्ड ती अडवू शकत नाही.