मदत हवी आहे: लेकीला अमेरिकोरमधून वर्षभर घरं बांधायला जायचंय, हो म्हणण्याआधी काय काय बघावं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस फक्त वाचतेय, आज पहिल्यांदाच घरचा प्रश्न घेऊन आले आहे. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला तरी कसा मागू?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक २२ वर्षांची, मे महिन्यात सिव्हिल इंजिनिअर होतेय. आम्ही सगळेच आता इथले नागरिक आहोत. तिला एका बांधकाम कंपनीत नोकरी मिळत होती. ती सोडून तिला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या ओहायोतल्या एका शाखेत अमेरिकोर मेंबर म्हणून जायचंय. काम क्रू लीडरचं. मुदत साडेदहा महिने, त्यात १,७०० तास भरायचे. भत्ता सगळा मिळून २२ हजार डॉलर, तोही कर कापायच्या आधीचा. उत्तर दहा दिवसांत कळवायचंय, त्यातले तीन गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकोर ही इथली सरकारी राष्ट्रसेवा योजना, १९९३ च्या कायद्याने सुरू झालेली. सक्ती नाही, सैन्याशी संबंध नाही. सरकार निधी देतं, मुलं स्वयंसेवी संस्थांमध्ये साधारण वर्षभर काम करतात, पोटापुरता भत्ता मिळतो आणि मुदत पूर्ण केली की शिक्षणासाठी ठरावीक रक्कम.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, कर्ज डोक्यावर असताना हे कसलं वर्ष? सासरे तळेगावहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "गवंड्याच्या हाताखाली पाठवायला इंजिनिअर केली का?" लेक त्यांना काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

माझं म्हणाल तर मला तिला अडवायचं नाहीये. २००६ साली आम्ही तळेगावात होतो, ही तीन वर्षांची होती. दिवाळी नुकतीच झाली होती आणि लोणावळ्याजवळ जिमी कार्टर आले होते, हॅबिटॅटच्याच कामाला. देशोदेशीचे लोक आठवडाभर राहून शंभर घरं बांधत होते. ऐंशी पार केलेला माजी राष्ट्राध्यक्ष हातोडा घेऊन उभा आहे, तो पेपरातला फोटो माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. माझे वडील गिरणीत होते. स्वतःच्या नावावर दोन खोल्या व्हाव्यात म्हणून म्हाडाचे अर्ज भरता भरता त्यांचं आयुष्य गेलं. तो फोटो बघून ते म्हणाले होते, "घर देणाऱ्याचे हात असे दिसतात होय." मी हे लेकीला कधी सांगितलं नव्हतं. तिने आपणहून हे निवडलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

पण नुसत्या भरून आलेल्या मनाने मुलीला परराज्यात पाठवता येत नाही. म्हणून विचारते. या पैशात तिचं भागेल का? शिक्षणाच्या सरकारी कर्जाचं काय होतं? साइटवर सुरक्षितता कितपत? नंतर नोकरी देणारे याला अनुभव मानतात का? आणि मधेच निधी बंद झाला तर? शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडाली आहे.

— अबोली

*

मंजिरी_ओहायो:

अबोलीताई, मी स्वतः १२ वर्षांपूर्वी व्हिस्टा केलं आहे, ते अमेरिकोरचंच एक भावंड. वयाने मोठं, १९६० च्या दशकापासूनचं. फरक लक्षात घ्या. व्हिस्टामध्ये हातोडा धरायचा नसतो, संस्थेचा पाया भक्कम करायचा असतो: अनुदानाचे अर्ज, स्वयंसेवक जमवण्याची घडी, असलं काम. तुमच्या लेकीचं पद प्रत्यक्ष सेवेचं आहे. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, तेव्हा इंटरनेटवर वाचताना सल्ला कुठल्या प्रकाराबद्दल आहे ते आधी बघा.

पैशांचं: महिन्याला हातात दोन हजारांच्याही खाली येतील. एकटीने घर घेतलं तर भागणार नाही, दोघी-तिघींत घेतलं तर भागतं. शाखेला सरळ विचारा, आधीच्या मेंबर कुठे राहायच्या? बरेचदा खोली हातोहात पुढच्या मुलीकडे जाते. साइट दर काही महिन्यांनी बदलते आणि सकाळी लवकर पोचायचं असतं, त्यामुळे गाडी लागेलच. ती तुम्ही देणार का, हे आत्ताच ठरवा. बरीच मुलं स्नॅपसाठी, म्हणजे धान्य-किराण्याच्या सरकारी मदतीसाठी, अर्ज करतात. मीही केला होता. तेव्हा आईला सांगायची लाज वाटली होती, ती वाटायला नको होती.

आरोग्यविमा: पूर्णवेळ मेंबरना त्यांच्याकडून मिळतो. २६ वर्षांपर्यंत ती तुमच्या विम्यावरही राहू शकते, पण तुमची योजना ओहायोत तातडीच्या उपचारांपलीकडे काही देते का ते पाहा. न्यू जर्सीपुरती असेल तर त्यांचाच घ्या.

*

दादा_कर्वेनगर:

अबोली, मी निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. गेली नऊ वर्षं दर शनिवारी आमच्या गावच्या हॅबिटॅटच्या साइटवर जातो. तुझ्या सासऱ्यांना माझ्या वतीने सांग, ती गवंड्याच्या हाताखाली चाललेली नाही. सकाळी साडेसातला पंधरा अनोळखी माणसं साइटवर उतरतात. कुणी बँकेतली, कुणी चर्चची, कुणी कॉलेजची. त्यातल्या दहांनी आयुष्यात खिळा ठोकलेला नसतो. त्यांना ओळंबा कसा धरायचा ते दाखवायचं, कुणाला शिडीवर चढू द्यायचं नाही ते ओळखायचं, आणि दुपारी तीनपर्यंत भिंत सरळ उभी करायची. क्रू लीडर म्हणजे हे. पहिल्या महिन्यात त्या मुलांना स्वतःलाही काही येत नसतं, साइट सुपरवायझर शिकवतो. सहाव्या महिन्यात तीच मुलं मला रागावतात, "दादा, चष्मा घाला."

मी ३४ वर्षं नकाशांवर सह्या केल्या. तुळईवर भार कसा उतरतो ते गणिताने मला ठाऊक होतं. पण खिडकीच्या वरचं हेडर, म्हणजे आडवी तुळई, चुकीची कापली की सुतार काय शिव्या देतो, ते निवृत्तीनंतर कळलं. बाविसाव्या वर्षी कळलं असतं तर माझे नकाशे बरे झाले असते. नोकरीच्या मुलाखतीत ती हे सांगेल तेव्हा समोरचा नीट ऐकेल, काळजी नको.

सुरक्षिततेबद्दल मात्र गोडगोड बोलणार नाही. छपराचं काम धोक्याचंच असतं. तिला विचारायला सांग: छपरावर चढण्याआधी फॉल प्रोटेक्शनचं प्रशिक्षण कोण देतं, दोराचा पट्टा संस्था देते का, नेल गन (खिळे ठोकायचं यंत्र) कोण वापरतं, उन्हाळ्यात काम किती वाजता थांबवतात. नीट चालवलेली शाखा ही उत्तरं पटापट देते. जी चाचपडेल तिथे पाठवू नकोस, दुसरी शाखा शोध. आणि बूट स्टीलच्या टोकाचे, अर्धा नंबर मोठे.

अजून एक. नवरेबुवांना वाटत असेल की घरं फुकट वाटतात. तसं नाही. घर घेणारं कुटुंब स्वतः ठरलेले तास राबतं, त्याला इथे स्वेट इक्विटी म्हणतात, आणि कर्जाचा हप्ताही भरतं. हप्ता उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत राहील असा बेतलेला असतो. १९७६ साली मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने जॉर्जियात ही संस्था काढली तेव्हापासून पाया हाच. तुझी लेक ज्यांची भिंत उभी करील ती माणसं तिच्याच शेजारी ब्रश घेऊन उभी असतील.

*

सांजवात:

मधेच विचारते, माफ करा. माझा मुलगा १९ वर्षांचा, एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे. त्याला अमेरिकोर करता येईल का?

मंजिरी_ओहायो:

नाही हो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. पण हॅबिटॅटच्या साइटवर शनिवार-रविवार बिनपगारी स्वयंसेवक म्हणून जाऊ दे त्याला, दादांसारखा. शाखेच्या वेबसाइटवर नाव नोंदवायचं.

*

हिशेबनीस:

कर्जाबद्दल, कारण यात लोक चुकतात.

पूर्ण मुदत केल्यावर मिळणाऱ्या रकमेला सेगल एज्युकेशन अवॉर्ड म्हणतात. पूर्णवेळ सेवेला ती त्या वर्षीच्या कमाल पेल ग्रँटइतकी (कॉलेजसाठीचं केंद्र सरकारचं अनुदान) असते. सध्याचा आकडा ७,३९५ डॉलर. रोख हातात येत नाही, थेट कर्जाच्या कंपनीला किंवा कॉलेजला जाते. वापरायला सात वर्षं आहेत. ज्या वर्षी वापरेल त्या वर्षी ती उत्पन्न धरली जाऊन कर लागतो. म्हणून चांगला पगार सुरू झालेल्या वर्षी एकदम वापरण्याऐवजी दोन वर्षांत विभागून वापरता येईल का ते बघा.

सेवा चालू असताना सरकारी कर्जाचे हप्ते थांबवता येतात, पण आपोआप नाही. तिने माय अमेरिकोरच्या खात्यातून अर्ज करायचा. त्या काळात चढलेलं व्याज योजनाच भरते, मात्र मुदत यशस्वीपणे पूर्ण झाली तरच. त्या व्याजावरही कर आहे. दुसरा रस्ता म्हणजे उत्पन्नावर बेतलेला लहानसा हप्ता भरत राहणं. ती पुढे दहा वर्षं सरकारी किंवा सेवाभावी संस्थेतच राहणार असेल तर सरकारी कर्जमाफीच्या हिशेबात हे महिने दोन्ही रस्त्यांनी धरले जातात. खासगी कंपनीत जाणार असेल तर पहिला रस्ता बरा.

निधीबद्दल: तुमची भीती खरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने जवळजवळ ४० कोटी डॉलरची अनुदानं एका झटक्यात थांबवली होती, हजारो मुलांची सेवा मधेच संपली. राज्यं कोर्टात गेली आणि जूनमध्ये दावा लावणाऱ्या राज्यांपुरता निधी पूर्ववत करायचा आदेश झाला. ओहायो त्या राज्यांत नव्हतं. म्हणून शाखेला लेखी विचारा: अनुदान थांबलं तर भत्त्याचं काय करणार? स्वतःच्या पैशातून थोडे महिने तरी सांभाळणार का? मुलीचा दोष नसताना सेवा थांबली, तर झालेल्या तासांच्या प्रमाणात अवॉर्ड मिळू शकतं, पण किमान १५ टक्के तास भरलेले हवेत. प्रत्येक तासाची नोंद तिने स्वतःच्या वहीतही ठेवावी.

*

अबोली (धागाकर्ती):

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून फ्रिजवर लावले होते, म्हणजे जाता-येता सगळ्यांनी वाचावेत.

काल लेकीने शाखेच्या बांधकाम प्रमुखांशी तासभर बोलून घेतलं. मी शेजारी बसले होते, बोलले नाही. छपराच्या प्रश्नाला त्या बाईंनी लगेच उत्तर दिलं: प्रशिक्षण पहिल्या दोन आठवड्यांत, त्याआधी छपरावर कुणीही जात नाही, पट्टे संस्थेचे, नेल गन फक्त मेंबर आणि सुपरवायझरच्या हातात. निधीबद्दल त्या म्हणाल्या, "मी खात्री देऊ शकत नाही, पण आमच्याकडे तीन महिन्यांची सोय बाजूला काढली आहे, तसं पत्रात लिहून देते." ते पत्र आज आलं. खात्री देत नाही म्हणाल्या, म्हणूनच मला त्यांच्यावर विश्वास वाटला.

खोलीचं मंजिरीने सांगितलं तसंच झालं. आधीच्या दोन मुली एका जुन्या घरात राहतात, एक ऑगस्टमध्ये निघतेय. माझी गाडी तिला देतोय. नवऱ्याने हिशेबनीसांचा प्रतिसाद घेऊन एक्सेल केलं, त्यात अवॉर्ड आणि व्याज धरल्यावर तो थोडा गप्प झाला. अजून पूर्ण राजी नाही, पण गाडीचं तेल बदलून आणलंय.

तिने काल रात्री होकार कळवला.

ग्रीन कार्ड नसलेल्या किंवा वयाने लहान मुलांबद्दल अजून कुणी विचारणार असेल तर वेगळा धागा काढूया का? आणि ओहायोत कोलंबसच्या आसपास कुणी राहत असेल तर कृपया निरोप करा, पहिल्या आठवड्यात कुणीतरी आपलं माणूस जवळ असलं तर बरं.

दादा, बूट घ्यायला शनिवारी जातोय. सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "तिकडे घरं लाकडाची ना? वाळवीचं काय करतात, ते तिला पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला सांग."