ट्रॅक्टरचा रिपर गव्हाला कितपत चालतो? एकरी वेळ आणि दाण्यांची गळ सांगा

गोदाकाठचा_गहू:
नमस्कार मंडळी. ५ एकर गहू आहे, तुकड्या तुकड्यात, सगळा साऱ्यात (वरंब्यांमधल्या लांब वाफ्यात) पेरलेला. सोंगायला माणूस मिळेना, हार्वेस्टरवाला छोट्या रानात यायला तयार नाही आणि आलाच तर गव्हांडा (गव्हाचं काड) रानातच पसरून जातो, दावणीला जनावरं आहेत त्यामुळं ते परवडत नाही. म्हणून ट्रॅक्टरला पुढून बसणारा रिपर (उभं पीक कापून बाजूला आडवं पाडणारं मशीन) घ्यायचं चाललंय. दुकानदार म्हणतो तासाला दीड एकर आरामात आणि गळ तर नाहीच. खरंच एवढं निघतं का? वापरलाय त्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून सांगणारे नको.

प्रवरा_बागायत:
दादा तो कागदावरचा हिशोब आहे. २.२ मीटरचा कटरबार (कापायच्या पात्यांची पट्टी) ताशी ३ किमीनं पळाला तर तासाला ६५ गुंठे होतात, पण त्यात वळणं नाहीत, गवत अडकणं नाही, बेल्ट ताणणं नाही. रानात त्याच्या ६०-७० टक्केच पदरात पडतं, म्हणजे तासाला एकरभर धरा. तेपण रान लांब असेल तर. २०० मीटर लांब २० मीटर रुंद एकरात ९-१० पट्ट्यात काम संपतं, तोच एकर चौकोनी असला की २८-२९ पट्टे होतात आणि प्रत्येक टोकाला मागं घ्या, वळवा, परत लावा. तुमचे तुकडे आहेत म्हणजे इथंच वेळ जाणार. साऱ्याचे वरंबे आडवे आले की कटरबार उड्या मारतो, मग ड्रायव्हर तो उचलून धरतो आणि बुडखा वीतभर राहतो, गव्हांडा तेवढा कमी.

अजून एक, कापलेलं सगळं उजव्या अंगाला पडतं. म्हणून बांधाकडची दीड-दोन मीटर पट्टी आणि कोपरे आधी विळ्यानं मोकळे करावेच लागतात. हे दुकानात कोण सांगत नाही 😄

वऱ्हाडी_धुरा:
आमच्याकडं सोयाबीनला लावून पायला. खालच्या शेंगा जमिनीला टेकल्यावानी असतात, कटरबार खाली घ्यावं तर गोटे लागून पाती जातात, वर घ्यावं तर शेंगा खोडालाच राहतात. त्यात उन्हात कापलं की शेंगा तडकतात, सकाळी दव असतानीच घ्या लागते. गव्हाले चांगला हाय, सोयाबीनच्या भरवशावर घेऊ नका भाऊ.

गोदाकाठचा_गहू:
धन्यवाद. आणि गळीचं काय? थोडा गहू लोळला पण आहे.

प्रवरा_बागायत:
लोळलेला सोडून द्या, तो विळ्यानंच. लोळला त्या दिशेच्या उलट बाजूनं घुसलं तर थोडाफार उचलतो, पण ओंब्या खाली राहतातच, मग सरवा वेचत बसा.

उभ्या पिकाची गळ मोजायची असेल तर काठ्यांची १ मीटर बाय १ मीटर चौकट करा. आधी उभ्या गव्हात ठेवून खाली आपोआप पडलेले दाणे मोजा, मग रिपर गेल्यावर कवळं (कापून पडलेला गहू) बाजूला सारून मोजा, सुटलेल्या ओंब्यांचे दाणेपण धरा, आणि पहिला आकडा वजा करा. साधारण २५ दाण्यांचा एक ग्रॅम होतो, म्हणजे चौकटीत २५ दाणे जास्त दिसले तर एकरी ४ किलो गेले. १६ क्विंटलच्या रानात १०० दाणे म्हणजे एक टक्का. दोन-चार ठिकाणी मोजा, एका जागेवर भरवसा नको. गळ बहुतेक वेळा मशीनमुळं नाही तर उशिरामुळं होते, गहू कडकडीत वाळल्यावर भर दुपारी घातला की स्टारव्हीलचा (पीक पात्याकडं ओढणाऱ्या चाकाचा) नुसता धक्का लागून दाणा सुटतो. त्र्यंबक किंवा एनआय ५४३९ असेल तर पक्व व्हायच्या २-३ दिवस आधीच घ्या, त्या जाती झडतात.

मळणीवाला_नाशिक:
सगळे कापणीचंच बोलताय, पण रिपर नुसता आडवा पाडतो हो. गोळा करायला, मशीनवर टाकायला माणसं लागतातच, आणि मजुरीचा खरा वांधा तिथंच आहे. सुतळीनं पेंढी बांधणारा बाइंडर येतो त्यात हे काम वाचतं पण तो महाग, ५ एकरासाठी डोक्याला ताप. अनुदानावर घेणार असाल तर महाडीबीटीची (सरकारी अनुदानाच्या पोर्टलची) पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल करू नका, नाहीतर अनुदान विसरा.

गोदाकाठचा_गहू:
मग यंदा भाड्यानं आणून एक तुकडा कापतो आणि चौकट टाकून बघतो. भाडं तासावर ठरवू का एकरावर?

प्रवरा_बागायत:
एकरावर. तुमच्या तुकड्यांत तासाचं मीटर वळणातच पळंल.