गाय पान्हा सोडते, बाई पान्हा सोडते. यात अपमान कसला?

कृष्णाकाठची (पलूस): सकाळी इथे एकांनी लिहिलं, "माणसाच्या शरीराचा जनावराशी काडीचा संबंध नाही, तुलना करणं हाच माणसाचा अपमान." दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या बाळंतपणात दूध उतरत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू छातीशी धर. वासरू लावल्याबिगर गाय तरी पान्हा सोडते का?" तेव्हा मला राग आला होता, पण त्यांचंच खरं होतं. पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक गायीत आणि बाईत एकच: नऊ अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), तीच, त्याच क्रमानं. माझ्या वडिलांना मधुमेह. गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन ते कित्येक वर्षं टोचून घेत. इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांपैकी माणसाच्यापेक्षा डुकराच्यात एकच वेगळं, गायीच्यात तीन. त्यावर माझा बाप जगला.

वाईकर: वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. चिंपांझीशी आपला डीएनए ९८ टक्के जुळतो हे शाळेतली पोरंही सांगतात. मग साताऱ्याजवळच्या लिंब गावात आहे तशी बारा मोटेची विहीर एखाद्या चिंपांझीनं बांधलेली दाखवा. मुलांना "तू जनावरच आहेस" असं शिकवून काय मिळवायचंय?

कृष्णाकाठची: त्या विहिरीवरच्या मोटा कुणी ओढल्या, तेही लिहा. दमल्यावर त्या बैलांची छाती तुमच्या-माझ्यासारखीच धपापत होती.

खिल्लारवाला (आटपाडी): झालं, बैल आला! हेच साम्य-साम्य करत २०१४ ला बैलगाडा शर्यती बंद पाडल्या. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. तवर दावणीचा खोंड कुणी इचारंना. माझ्या चुलत्यानं घरचा जातिवंत खोंड मातीमोल इकला आणि दोन दिस जेवला न्हाई. ह्ये दुख कुठल्या डीएनएत बसतं सांगा.

कृष्णाकाठची: शर्यतीवर मी एक शब्द लिहिलेला नाही. पण काढलाच आहे विषय तर सांगते, शेपटी पिरगाळलेला आणि पराणी टोचलेला बैल मी डोळ्यांनी बघितलाय. मज्जातंतू त्यालाही आहेत.

खिल्लारवाला: सगळ्यांना एकाच दाव्याला बांधू नका! माझ्या बैलाला मी कवा काठी लावली न्हाई. २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी शर्यतीचा कायदा उचलून धरला, त्यो वाचा आधी.

वाईकर: मूळ मुद्दा सोडून तुम्ही दोघं शर्यतीच्या घाटात जाऊन बसलात.

दूधवाला (कोरेगाव): मुद्द्यावर येतो. आमची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी मान पोटाशी वळवून बसली. कान गार. रात्री साडेअकराला डॉक्टर आले, शिरेतून कॅल्शियम सोडलं, अर्ध्या-पाऊण तासात गाय उभी. मी विचारलं, हे असं कसं? म्हणाले, स्नायूला कॅल्शियम लागतंच, तुम्हालाही लागतं, रक्तातलं उतरलं की तुमचेही हातपाय वळतील. वाईकर, त्या रात्री गोठ्यात तुम्ही असता तर "काडीचा संबंध नाही" असं लिहिलं नसतं.

वाईकर: बरं. "काडीचा संबंध नाही" एवढे शब्द मागे घेतो. शरीर जुळतं, मान्य. माणूस शरीरापुरताच आहे, हे मात्र मरेपर्यंत मान्य करणार नाही.

कृष्णाकाठची: ते मी म्हटलंच कुठे होतं?

खिल्लारवाला: माझ्या चुलत्याच्या खोंडाचं कुणीच बोललं न्हाई.