टेनिसपटू सानिया मिर्झाने एकेरी सोडली, ते बरोबर की चूक?

बेसलाइन:
परवा घरी गप्पांमध्ये मामेभाऊ म्हणाला, "सानिया म्हणजे काय, शेवटी दुहेरीचीच!" मला ते लागलं. २००५ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सेरेनासमोर उभी राहिली, तेव्हा मी शाळेत होतो. त्याच वर्षी हैदराबादला तिने डब्ल्यूटीएचं (महिलांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेचं) एकेरीचं विजेतेपद मिळवलं. भारतीय मुलीने हे कधीच केलं नव्हतं. मग अमेरिकन ओपनची चौथी फेरी. ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीत जगात २७वी.

त्यानंतर मनगट गेलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आधीच झालेल्या. २०१२ नंतर तिने एकेरी जवळजवळ बंद केली आणि पुढे चार ग्रँड स्लॅम विजेतेपदं (तीन महिला दुहेरी, एक मिश्र), ९१ आठवडे दुहेरीत पहिला क्रमांक. माझ्या मते ही माघार नव्हती. आपल्या शरीराचा आणि खेळाचा नीट हिशोब करून घेतलेला निर्णय होता. तुम्हाला काय वाटतं?

नेटकॉर्ड:
सहमत नाही. सानियाबद्दल आदर आहेच, पण दुहेरीचं पहिलं स्थान आणि एकेरीचं २७वं यात मला २७वं मोठं वाटतं. एकेरीतल्या बऱ्याच आघाडीच्या खेळाडू दुहेरी नियमित खेळतच नाहीत. बक्षिसाची रक्कमही दुहेरीत कितीतरी कमी. त्या फोरहँडने तिने कुझनेत्सोव्हाला हरवलं, २००६ मध्ये सोलला खुद्द मार्टिना हिंगिसला, एकेकाळच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला, हरवलं. असा फोरहँड घेऊन अर्ध्या कोर्टाचा खेळ निवडायचा?

बेसलाइन:
फोरहँड होताच, पण तिची सर्व्हिस? एकेरीत एक गेम सोडून दुसरा गेम स्वतः सर्व्ह करायचा. दुसरी सर्व्ह मऊ पडली की समोरची ठोकून काढते. दुहेरीत चार गेममधून एकदा पाळी येते आणि नेटवर जोडीदार उभी असते. म्हणजे कमजोरी झाकली जाते आणि तोच फोरहँड रिटर्नला मोकळा मिळतो. पुढे तिची जोडीदार झालेल्या त्याच हिंगिसचे हात नेटवर, सानियाचा फटका मागून. ही जोडी सलग ४१ सामने हरली नाही, ते उगाच नाही.

साधी_प्रेक्षक:
२००८ चं बीजिंग ऑलिंपिक आठवा. पहिल्याच फेरीत मनगटामुळे सामना अर्धवट सोडावा लागला होता. त्यानंतरही ती चार वर्षं एकेरी खेळली. "लवकर सोडली" म्हणणाऱ्यांनी ही चार वर्षं धरलीच नाहीत.

डेक्कनची_आई:
माझी मुलगी १४ वर्षांची आहे. पुण्यात शिकते. मी नेटकॉर्ड यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे. निरुपमा वैद्यनाथनने १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकला, मग सानिया आली आणि त्यानंतर रस्ता थांबला. अंकिता रैना आमच्या पुण्यातच घडली, जीव तोडून खेळली, तरी १६० च्या पुढे सरकता आलं नाही. सानियाने आणखी दोन वर्षं पहिल्या शंभरात काढली असती, तर आमच्या मुलींना टीव्हीवर "आपली" कुणीतरी एकटी लढताना दिसली असती. आता माझी मुलगी दहा मिनिटं सर्व्हचा सराव करते आणि विचारते, "आई, दुहेरीच खेळू का?" मला काय उत्तर द्यावं कळत नाही.

साधी_प्रेक्षक:
ताई, तुमचा प्रश्न खरा आहे. पण रस्ता थांबला याचा भार एकट्या सानियावर का? वर्षभर परदेश दौरे, प्रशिक्षक, फिजिओ हा खर्च किती घरांना झेपतो? आणि २०२० च्या फेड कपमध्ये (देशांच्या महिला संघांची स्पर्धा) आई झाल्यावर परतलेली सानिया, अंकिता आणि आपली ऋतुजा भोसले एका संघात होत्या. भारत तेव्हा पहिल्यांदाच प्ले-ऑफला पोचला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ऋतुजाने बोपण्णाबरोबर सुवर्ण जिंकलं.

नेटकॉर्ड:
तेही मिश्र दुहेरीतच. माझा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे सगळ्या वाटा तिथेच वळतात.

बेसलाइन:
सानिया-हिंगिसची २०१५ ची विम्बल्डन दुहेरीची फायनल पुन्हा बघा, एवढंच सांगतो. पहिला सेट गेलेला, तिसऱ्यात २-५ ने मागे. तिथून ५-७, ७-६, ७-५. त्या तासाभरात सानिया जसे रिटर्न मारत होती, ते बघून "अर्ध्या कोर्टाचा खेळ" म्हणवेल का तुम्हाला?

नेटकॉर्ड:
ती फायनल मी पाहिलीय, उभा राहून पाहिलीय. म्हणून तर जीव जळतो. ते रिटर्न मला सेंटर कोर्टवर एकेरीत बघायचे होते.

डेक्कनची_आई:
आज संध्याकाळी मुलीला तिसरा सेट दाखवते. सर्व्हचा सराव मात्र उद्यापासून अर्धा तास.