कथेत ‘मार्मिक’ हा शब्द नेमका कुठे वापरावा?

प्रश्न:
कथेतली आजी समोरच्याच्या मनातलं न सांगता ओळखते. तिच्यासाठी ‘मार्मिक’, ‘चाणाक्ष’, ‘मर्मज्ञ’ हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालतील का? आणि ‘साक्षेपी’?

प्रतिसाद १:
आलटूनपालटून अजिबात नको, चौघांची कामं वेगळी आहेत. ‘मार्मिक’ मूळचा माणसाचाच शब्द. जगन्नाथ पंडितांच्या भामिनीविलासात ‘मार्मिकः को मरन्दानामन्तरेण मधुव्रतम्’ असं येतं, म्हणजे भुंग्यावाचून मकरंदाचं मर्म कोण जाणणार? आजच्या मराठीत मात्र हा शब्द माणसापेक्षा त्याच्या बोलण्याला जास्त शोभतो: मार्मिक प्रश्न, मार्मिक भाष्य. ‘आजी मार्मिक होती’ हे वाचताना अडखळायला होतं.

‘मर्मज्ञ’ला विषय लागतो, गाण्याचा मर्मज्ञ, काव्याचा मर्मज्ञ. ‘चाणाक्ष’मध्ये स्वतःचा फायदा ओळखण्याची छटा आहे, त्यामुळे मायाळू आजीला तो जपून लावा. गावाकडची, थोडी आतल्या गाठीची आजी असेल तर ‘बेरकी’ जास्त जिवंत वाटेल.

‘साक्षेपी’ समीक्षकाला किंवा संपादकाला ठीक. दासबोधात ‘चौथा अत्यंत साक्षेप’ येतं तिथे अर्थ नेटाचा प्रयत्न असा आहे. ‘साक्षेपी’त चिकाटीने केलेली पारख येते, एका नजरेत ओळखणं नाही.

प्रतिसाद २:
शब्द कुठलाही निवडा, खरा घोटाळा जागेचा होतो. ‘आजी मार्मिकपणे म्हणाली’ असं लिहून मग वाक्य दिलं की वाचक ते वाक्य तपासायला बसतो आणि बहुतेक वेळा ते कमी पडतं. निवाडा आधी सांगू नका.

समजा, आजी एक घास खाते आणि सुनेला विचारते, “माहेरी कोण आजारी आहे?” हे लागू पडायला दोन खुणा हव्यात. एक आजीला दिसणारी: भाजीत मीठ दोनदा पडलंय. दुसरी वाचकाने आधी पाहिलेली: सुनेला आलेला फोन, तोही दुसऱ्याच कामाच्या गडबडीत उल्लेखलेला. फोन आणि प्रश्न लागोपाठ आले तर कुणीही ओळखेल, त्यात आजीचं काय? आणि खूणच नसेल तर ती मनकवडी वाटते, सगळा प्रसंग चमत्कार होतो. मध्ये निदान एक वेगळा प्रसंग जाऊ द्या.

प्रश्नानंतर खुलासा नको. ‘आजीने मिठावरून ओळखलं होतं’ हे वाक्य बहुतेक मसुद्यांत असतं आणि तेच सगळं पाडतं. सुनेचा हात थांबला, एवढं पुरे.

प्रश्नकर्ता:
मग ‘मार्मिक’ हा शब्द कथेत येऊच नये?

प्रतिसाद २:
येऊ द्या, पण दुसऱ्या पात्राच्या तोंडी. शेजारचे मास्तर “तुमच्या आईचं बोलणं मार्मिक असतं” म्हणाले तर त्यात मास्तरही कळतात. निवेदकाने तो शब्द वापरला तर ते नुसतं प्रशस्तिपत्र होतं.

प्रतिसाद ३:
हिंदीतला ‘मार्मिक’ काळजाला भिडणारा, करुण असतो. अनुवादातून आणि बातम्यांतून तो अर्थ मराठीत शिरतोय. ‘मार्मिक निरोप’ लिहिलंत तर मराठी वाचक त्यात खोच शोधेल. तिथे ‘हृदयस्पर्शी’ लिहा.

शुद्धलेखनाचंही बघा: ‘अंतर्दृष्टी’, ‘मर्मदृष्टी’ यांत शेवटची टी दीर्घ, पण ‘दृष्टिकोन’, ‘दृष्टिक्षेप’ यांत टि ऱ्हस्व.