बर्न्स वॉर्डमध्ये विद्यार्थ्यांना नेमके कसे शिकवावे?

प्रश्न (सहायक प्राध्यापक, शल्यचिकित्सा):
सर्जरीच्या पोस्टिंगमधले विद्यार्थी काही दिवस आमच्या बर्न्स वॉर्डला येतात. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे सगळी बॅच आत नेता येत नाही. जे आत येतात त्यांतले काही ड्रेसिंग सुटताना येणारा वास आणि रुग्णाचे कण्हणे सहन न होऊन दाराशीच थबकतात आणि उरलेले नुसते बघे होऊन उभे राहतात. रुग्णाच्या वेदनेचे प्रदर्शन न मांडता त्यांना भाजलेला रुग्ण सांभाळायला कसे शिकवावे?

उत्तर (प्लास्टिक सर्जन):
ड्रेसिंगच्या वेळी बॅच नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी शिरेतून द्यायच्या द्रवाचा हिशेब पक्का करून घ्यावा, आणि तो बाहेरच्या खोलीतही होतो. समजा, 60 किलोचा रुग्ण 30 टक्के भाजला आहे. नुसती लाल झालेली त्वचा या टक्केवारीत धरायची नसते. पार्कलंड सूत्राने (4 मिली × वजन × भाजलेल्या त्वचेची टक्केवारी) 4 × 60 × 30, म्हणजे 24 तासांत 7200 मिली रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखा क्षारयुक्त द्रव), आणि त्यातले निम्मे पहिल्या 8 तासांत. हे तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात, त्यामुळे तीन तास उशिरा आलेल्या रुग्णाला 3600 मिली उरलेल्या पाच तासांत द्यावे लागतात. मात्र सूत्र केवळ सुरुवातीपुरते. पुढचा वेग ताशी लघवीवरून, प्रौढांत किलोमागे साधारण अर्धा मिली धरून, ठरवावा.

उत्तर (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर):
सरांचे हिशेबाविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण ड्रेसिंग कधी पाहिलेच नाही तर पुढे ग्रामीण रुग्णालयात एकट्याने ते कसे करणार? रुग्णाची परवानगी घेऊन एका वेळी दोघांनाच आत घ्यावे आणि दोघांनाही काम द्यावे. वेदनाशामक देऊन पुरेसा वेळ गेला आहे का, हे एकाने पाहावे. दुसऱ्याने रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याच्याशी बोलत राहावे. हाताला काम असले की विद्यार्थी सहसा डगमगत नाहीत.

उत्तर (न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक):
एक मुद्दा राहिला. भाजलेल्या विवाहितेला सासरच्या माणसांदेखत ‘कसे झाले?’ असे विचारले, तर ‘स्टोव्हचा भडका उडाला’ याखेरीज दुसरे उत्तर देणे तिला अनेकदा शक्यच नसते. म्हणून नातेवाइकांना बाहेर पाठवल्याशिवाय हिस्टरी घेऊ नये, हे विद्यार्थ्यांना आधीच बजावावे. मृत्युपूर्व जबाबाला भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 26 चा आधार आहे. तो शक्यतो दंडाधिकारी नोंदवतात, आणि रुग्ण जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे की नाही हे डॉक्टर प्रमाणित करतात. ही तपासणी ज्येष्ठ डॉक्टर कशी करतात, हे विद्यार्थ्याने शेजारी उभे राहून पाहावे. जबाब चालू असताना मात्र त्याने तिथे थांबू नये.