मदत हवी आहे: कायोटी टर्कीची घरटी उधळतायत, खात्रीचा उपाय सांगा

शिवारकर (२८ मे, रात्री ११:४०)
सलग तिसरं वर्ष. काल संध्याकाळी कुंपणाच्या कडेला घरटं सापडलं, रिकामं. कवचं इकडेतिकडे पडलेली, मादीचा पत्ता नाही. २०१७ साली जागा घेतली तेव्हा सकाळी वीस-बावीस रानटी टर्की (कोंबडीच्या जातीचे मोठे पक्षी) उतारावरून रांगेने खाली यायच्या आणि पोरं खिडकीत उभं राहून मोजायची. यंदा एप्रिलभर दोन नरांचा आवाज ऐकला, बस्स. रात्री घराच्या मागेच कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानकुत्रा) ओरडतात. शेजारी म्हणतो गोळी घाल, बायकोचा बंदुकीला विरोध आहे. मला एवढंच सांगा, कायोटी घालवायला काय करू? सापळा, कुत्रा, दिवे, काहीही. लवकर सांगा, अजून कुठे एखादी मादी बसली असेल तर ती तरी वाचेल.

पक्षीवेडी (२९ मे, सकाळी ६:१५)
राज्य कुठलं? जागा किती? आजूबाजूला जंगल आहे की शेती? कवचांचा चुरा झाला होता की एका टोकाला भोक होतं? कायोटीला घरट्याजवळ प्रत्यक्ष पाहिलंय, की नुसता आवाज ऐकलाय? फोटो असेल तर टाका.

स्क्रँटनकर (२९ मे, सकाळी ७:०२)
राज्य कुठलंही असू दे, अंडी रॅकूनच (मांजरापेक्षा मोठं, डोळ्यांवर काळा पट्टा असलेलं जनावर) खातो. मी पेनसिल्व्हेनियात सहा वर्षं सापळे लावतोय. नळीसारखा, पंजा आत घालून ओढल्यावर बसणारा सापळा मिळतो, त्यात कुत्र्याचा पाय अडकत नाही. आमिष म्हणून मार्शमॅलो टाका, मासळी नको, नाहीतर मांजरं येतात. आमच्याकडे लोक सगळं खापर फिशरवर (मुंगसासारखा शिकारी प्राणी) फोडतात, कारण १९९४ ते ९८ मध्ये ते राज्यात परत आणून सोडले. पण घरट्यापाशी कॅमेरा लावला की बहुतेक वेळा रॅकून नाहीतर पॉसमच (पोटाला पिशवी असलेलं जनावर) दिसतो. दहा सापळे घ्या आणि कामाला लागा.

आबा_वाईकर (२९ मे, सकाळी ९:३०)
लहानपणी आमच्याकडे खुडूक कोंबडी बसली की आजी तिच्यावर डालगं पालथं घालून वर पाटा ठेवायची. मुंगूस रात्रभर भोवती फिरायचं, पण एक अंडं गेलं नाही. तुम्ही जाळीचं मोठं डालगं करून घरट्यावर का ठेवत नाही?

शिवारकर (२९ मे, दुपारी १२:१०)
आबा, ही रानटी टर्की आहे. माणूस जवळ गेला तर अंडी टाकून जाते. डालगं चालणार नाही.
पक्षीवेडी ताई, मिझुरी राज्य, ओझार्क्सचा डोंगराळ भाग. ४० एकर, निम्मं ओकचं रान, निम्मं गवत. कवचांचे मोठे तुकडे होते, काही घरट्यातच, काही हातभर अंतरावर. कायोटी डोळ्यांनी नाही पाहिला, पण त्याची विष्ठा वाटेवर रोज असते. अजून काय पाहिजे?

विहंग०७ (२९ मे, दुपारी १:२५)
इतका त्रास कशाला? हॅचरीतून (अंडी उबवणी केंद्रातून) पंचवीस पिलं मागवा, दोन महिने पिंजऱ्यात वाढवा आणि सोडून द्या. पुढच्या वर्षी रान भरलेलं.

पक्षीवेडी (२९ मे, दुपारी २:००)
विहंग, कृपा करून असा सल्ला देऊ नका. हे मिझुरीतच करून फसलेलं आहे. वर्षानुवर्षं पाळलेली टर्की सोडत राहिले आणि ती मरत राहिली. १९४० च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांनी तिथल्याच केनी माउंटन भागात अभ्यास करून दाखवलं की पिंजऱ्यातल्या रक्ताच्या पक्ष्यांत रानात टिकायची उपजत सावधगिरीच नसते. अस्सल रानटी पक्षी तोफेने उडणाऱ्या जाळ्यात पकडून नव्या जागी न्यायला १९५४ पासून सुरुवात झाली, तेव्हा कुठे संख्या वाढली. १९६० मध्ये वसंतातला शिकारीचा हंगाम परत उघडता आला. शिवाय पाळीव पक्ष्यांबरोबर रोग जातात, आणि असं सोडणं बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे.
शिवारकर, विष्ठा वाटेवर सापडते, कारण कायोटी वाटेनेच चालतो आणि हद्द दाखवायला तिथेच करतो. काडीने फोडून पाहा. बहुधा उंदराचे आणि सशाचे केस निघतील. घरट्यापाशी पडलेले कवचांचे मोठे तुकडे रॅकूनकडे बोट दाखवतात. साप अंडं अख्खं गिळतो, काही ठेवत नाही. पण नुसत्या कवचावरून खात्री होत नाही, कॅमेरा लावा. अजून एक विचारायचं होतं, तुम्ही पक्ष्यांना खायला घालता का?

शिवारकर (२९ मे, संध्याकाळी ६:४५)
हो, मक्याचा फीडर (दाणे टाकणारा डबा) आहे रानाच्या कडेला, टर्कीसाठीच मुद्दाम ठेवलाय. त्याचा इथे काय संबंध?

स्क्रँटनकर (२९ मे, संध्याकाळी ७:०५)
संबंध?! अहो, आसपासच्या सगळ्या रॅकूनना तुम्ही जेवायला बोलावलंय. फीडरपासून घरटं किती लांब होतं?

शिवारकर (२९ मे, संध्याकाळी ७:२०)
दोनशे पावलं असेल.

करुणा_म (२९ मे, रात्री ८:१०)
मुक्या जनावराला मारून काय मिळतं? जिवंत पकडायचा पिंजरा आणा आणि वीस मैलांवरच्या जंगलात सोडून या. आम्ही पुण्यात सोसायटीतली माकडं वनखात्याकडून अशीच हलवून घेतली.

स्क्रँटनकर (२९ मे, रात्री ८:३०)
ताई, मुळीच नाही. रॅकून रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा जीवघेणा रोग) पसरवतो. पूर्वेकडच्या राज्यांत केंद्राचं वन्यजीव खातं विमानातून लस भरलेली आमिषं टाकतं, ती रेबीजसाठीच. आजारी जनावर गाडीत घालून दुसऱ्या खोऱ्यात सोडलंत तर तिथली वाट लागेल. अनेक राज्यांत हा गुन्हा आहे. सोडलेलं जनावरही अनोळखी जागी बहुतेकदा टिकत नाही.

पक्षीवेडी (२९ मे, रात्री ९:१५)
या मुद्द्यावर स्क्रँटनकरांशी पूर्ण सहमत. पण "दहा सापळे घ्या" याच्याशी नाही. चाळीस एकरांतून पाच रॅकून काढलेत तर महिन्याभरात शेजारच्या रानातून दुसरे पाच येतात. फरक पडायचा तर खूप मोठ्या क्षेत्रावर, घरटी बसायच्या अगदी आधी आणि दरवर्षी सापळे लावावे लागतात. ज्या अभ्यासांत फायदा दिसला तिथे मोठ्या इस्टेटी आणि पगारी माणसं होती.

स्क्रँटनकर (२९ मे, रात्री ९:४०)
म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं? १९८० च्या दशकाच्या शेवटी फरचा भाव कोसळला, ट्रॅपर (फरसाठी सापळे लावणारे) घरी बसले आणि रॅकून बेसुमार वाढले. हे कुठल्याही म्हाताऱ्या ट्रॅपरला विचारा. गेल्या वर्षी मी एकोणीस काढले, आणि या वर्षी माझ्या कुरणात टर्कीची पिलं दिसतायत.

पक्षीवेडी (२९ मे, रात्री १०:०५)
रॅकून वाढले हे मान्यच. पण तुमचं कुरण तुम्ही मुद्दाम जाळता, तणांनी भरलेलं ठेवता, हे तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलं होतं. पिलं सापळ्यांमुळे आली की कुरणामुळे, हे कसं ठरवलंत?

दख्खनी_दौलत (२९ मे, रात्री १०:५०)
अवांतर होतंय, पण राहवत नाही. टर्कीचा आपल्याकडचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे जहांगीरच्या दरबारातल्या चित्रकाराचं, उस्ताद मन्सूरचं चित्र. १६१२ च्या सुमारास मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून जहांगीरसाठी अपूर्व पक्षी-प्राणी नेले, त्यात हा होता. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेला. बादशहाने त्याचं वर्णन आठवणींत लिहिलं, डोकं आणि गळा क्षणाक्षणाला रंग बदलतो म्हणून. चित्र आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीजमध्ये या पक्ष्याला पेरू म्हणतात.

आबा_वाईकर (३० मे, सकाळी ६:००)
पेरू? म्हणजे आपला खायचा पेरू आणि हा एकच शब्द?

दख्खनी_दौलत (३० मे, सकाळी ६:३०)
नाही आबा, पक्ष्याचं नाव पेरू देशावरून पडलं. फळाच्या नावासाठी वेगळा धागा काढू.

जर्सीची_सून (३० मे, सकाळी ८:१०)
इथे टर्कीची जाणकार मंडळी दिसली म्हणून विचारते. आमच्या कॉलनीत एक नर रोज माझ्या काळ्या गाडीच्या दाराला चोच मारतो, रंग उडालाय. उपाय?

पक्षीवेडी (३० मे, सकाळी ८:२५)
त्याला दारात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, दुसरा नर आलाय असं वाटतं. गाडीवर कव्हर घाला आणि कॉलनीत कोणी दाणे टाकत असेल तर बंद करायला लावा.
शिवारकर, तुमच्या निम्म्या जागेत कुठलं गवत आहे, आणि ते कोण कधी कापतं?

शिवारकर (२ जून, रात्री १०:३०)
फीडर ३० तारखेलाच काढला. त्याआधी एक रात्र त्याच्यावर कॅमेरा लावला होता. २ वाजून १० मिनिटांनी पाच रॅकून आले, एक मोठी मादी आणि चार अर्धवट वाढलेले, तास-दीड तास खात बसले. कायोटी एकदाच गेला, तोंडात उंदीर, फीडरकडे पाहिलंही नाही. तीन वर्षं मीच त्यांना मका घालत होतो, हे बघून मला रात्री झोप लागली नाही.
गवत फेस्क्यू (चाऱ्यासाठी लावतात ते दाट गवत) आहे, जागा घेतली तेव्हापासूनचं. शेजारी जूनच्या पहिल्या आठवड्यात कापून गठ्ठे नेतो. परवा येणार आहे.

पक्षीवेडी (२ जून, रात्री १०:४५)
त्याला आत्ता फोन करा. उद्या नको, आत्ता!
एप्रिलमधलं घरटं गेलं तर मादी बहुतेकदा दुसऱ्यांदा अंडी घालते. दहा-बारा अंडी, अट्ठावीस दिवस उबवायची. म्हणजे जूनमध्ये ती नेमकी त्या उंच गवतात बसलेली असते आणि यंत्र अगदी जवळ येईपर्यंत उठत नाही. निदान १५ जुलैपर्यंत कापू देऊ नका.
आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फेस्क्यूची. ते गवत जमिनीलगत गादीसारखं दाट होतं. मुठीएवढ्या पिलाला त्यातून चालता येत नाही, दवाने भिजून गारठतं. पहिले काही आठवडे त्याला किडेच लागतात, ते त्या गवतात फारसे नसतात. पहिले दहा-बारा दिवस पिलाला उडता येत नाही, रात्र आईच्या पंखाखाली जमिनीवरच काढावी लागते. उघड्या जागेवर हॉक (शिकारी ससाणा), रात्री घुबड, आणि त्या दोघांना हात लावायला १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने बंदी आहे. वर तणांचं छप्पर आणि खाली पळायला मोकळी माती असेल तरच पिलू वाचतं. चांगल्या वर्षीही निम्म्याहून जास्त घरटी जातात, टर्की हजारो वर्षं तेवढं सोसून टिकली आहे. पण जी पिलं निघतात त्यांना लपायला जागाच नाही, तिथे ती हरते.

स्क्रँटनकर (२ जून, रात्री ११:१०)
फेस्क्यूबद्दल ताई बरोबर बोलतायत. तरी हिवाळ्यात, हंगाम उघडा असताना, चार सापळे लावाच. नियम आधी राज्याच्या वन्यजीव खात्याला विचारा आणि सापळे रोज तपासा.

शिवारकर (१७ ऑगस्ट, रात्री ९:००)
उशिरा लिहितोय, माफ करा. शेजाऱ्याने २० जुलैला कापलं. गवत निबर झालं म्हणून नाराज होता, फरकाचे पैसे मी दिले. २ जुलैला ओढ्याच्या बाजूला, जिथे यंत्र जात नाही आणि सगळं तण माजलंय, तिथे एक मादी दिसली. बरोबर चार पिलं. ऑगस्टच्या सुरुवातीला दोन उरली होती, आता ती झाडावर बसतात. राज्याच्या पिलांच्या मोजणीत नोंद पाठवली. तिथे कळलं की मादीमागे साधारण दोन पिलं उरली तर संख्या टिकते.
खात्याचा माणूस फुकट येऊन जागा पाहून गेला. तोही पहिल्यांदा गवताकडेच बघत राहिला. दहा एकर फेस्क्यू काढून मूळचं गवत आणि रानफुलं पेरायची ठरवलंय, बायको बियाणाची यादी करतेय. तणनाशकाची फवारणी सप्टेंबरमध्ये करू की थांबू?

पक्षीवेडी (१७ ऑगस्ट, रात्री ९:२०)
थांबा. कापलेलं गवत सहा-आठ इंच परत वाढू द्या. पहिलं फ्रॉस्ट (दव गोठून पडणारा बर्फाचा थर) पडून बाकी सगळं सुकलं आणि फेस्क्यू एकटंच हिरवं राहिलं की फवारा, म्हणजे तेवढंच मरेल. बी डिसेंबर ते फेब्रुवारीत, जमीन गोठत-सुटत असताना टाका. आणि ओढ्याकाठच्या त्या तणाला हात लावू नका.